चांगदेव मंदिराजवळ घर आहे, कुंपण घालायला परवानगी लागते का?

लागते, भाऊ. ग्रामपंचायतीचा होकार पुरेसा नाही, कारण हे मंदिर केंद्र संरक्षित स्मारक आहे.

आधी अंतर काढा. ते मंदिराच्या भिंतीपासून नाही, स्मारकाभोवती सरकारने ठरवलेल्या संरक्षित हद्दीपासून मोजतात. हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि पुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र, असं १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यातली २०१० ची दुरुस्ती सांगते. पहिल्या शंभरात नवीन पक्की भिंत विसराच. मात्र तिथे १६ जून १९९२ पूर्वीची भिंत असेल, तर दुरुस्तीची परवानगी मागता येते. तेव्हा जुनी भिंत पाडून नवी उभारायची घाई मुळीच करू नका. पडकी का होईना, तुमचा हक्क तिच्यावरच टिकून आहे. जुने फोटो, घराचा उतारा जपून ठेवा.

पुढच्या २०० मीटरात नवं बांधकाम परवानगीने होतं. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी केंद्राने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे करायचा, तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे शिफारशीसाठी जातो. कायद्यातल्या मुदती धरल्या तरी तीन-साडेतीन महिने लागतात, म्हणून गवंड्याला आगाऊ पैसे देऊ नका. अर्जात कुंपणाची उंची, लांबी, साहित्य स्पष्ट लिहा, नकाशा जोडा.

नुसते खांब रोवून तारेची जाळी लावायची असली, तरी तोंडी उत्तरावर जाऊ नका, लेखी विचारा. विनापरवाना बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.