‘लंडन ०, हल ४’ हा अल्बम शब्दांकडे लक्ष न देता ऐकला तर काय बिघडते?

उत्तर इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावचा पॉप बँड हाउसमार्टिन्स, त्यांच्या १९८६ सालच्या या अल्बमविषयी आपण विचारले आहे की, गाणी इतकी उत्साही असताना श्रोते त्याला राजकीय का म्हणतात, आणि केवळ चालींसाठी तो ऐकला तर काय बिघडते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शब्द समोर ठेवताच मिळते. दुसऱ्या प्रश्नावरून मात्र माझा एका गृहस्थांशी वीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे, म्हणून हे लिहायला बसले.

१९९९ साली मी लीड्समधील एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरीला लागले. तेव्हा फॅटबॉय स्लिम या नावाने नाचाचे संगीत करणाऱ्या नॉर्मन कुकची गाणी जिकडेतिकडे वाजत असत, आणि हा कुक पूर्वी हलच्या हाउसमार्टिन्समध्ये बेस गिटार वाजवीत असे, असे मला शेजारच्या टेबलावरील मुलीने सांगितले. जुन्या वस्तूंच्या दुकानात त्या बँडच्या याच अल्बमची कॅसेट मला एका पौंडाला मिळाली. आई रेडिओवरील भावगीते वहीत उतरवून घेत असे. तीच सवय मलाही असल्याने रोज रात्री कॅसेट मागेपुढे करीत मी ही गाणी लिहून काढली. ‘हॅपी अवर’लाच तीन रात्री लागल्या. चौथ्या दिवशी कामावर गेले, तेव्हा आमचे साहेब मला वहीतून उठून आल्यासारखे वाटले. काम संपल्यावर पाकीट उघडून सर्वांना पबमध्ये नेणारा वरिष्ठ, तो हसला की हसणारी मंडळी, आणि बायका जणू झाडाला लागतात अशा थाटाच्या त्यांच्या गप्पा, हे सगळे त्या गाण्यात आहे आणि आमच्या प्रत्येक शुक्रवारी होते.

२००० सालच्या डिसेंबरमधील पार्टीत साहेबांनी स्वतः हे गाणे लावायला सांगितले, स्वागतकक्षातील दोन मुलींना मनगटाला धरून नाचायला ओढले आणि प्रत्येक ओळ तोंडपाठ म्हटली. माझ्या शेजारी सांगलीकडचे एक ज्येष्ठ सहकारी उभे होते. मी त्यांना दादा म्हणत असे, कारण या गावात मला खोली त्यांनीच मिळवून दिली होती. “दादा, हे गाणं यांच्यावरच आहे,” असे मी म्हणताच ते उत्तरले, “अगं, गाणं ऐकायचं असतं, वाचायचं नसतं. चाल बघ!” आणि तेही नाचायला गेले.

पुढच्याच महिन्यात भुजचा भूकंप झाला आणि आम्ही काही भारतीय कुटुंबे भर थंडीत बाजारपेठेत मदतीचे डबे घेऊन उभे राहिलो. त्या संध्याकाळी दादा आमच्याकडे जेवायला असताना ‘फ्लॅग डे’ लागले. रस्त्यावर डबा वाजवून दारिद्र्य हटत नाही, तोच डबा राणीपुढे वाजवून पाहा, असा त्या गाण्याचा रोख मी मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला. दादा शांतपणे म्हणाले, “मग आज तुझाही डबा वायाच म्हणायचा.” मला उत्तर सुचले नाही, आणि तो सल अजून गेलेला नाही.

आता सुचते. ते गाणे देणाऱ्याला हिणवीत नाही. डबा नेहमी बसथांब्यावरच्या माणसापुढेच का येतो, एवढेच विचारते. हा अल्बम आला तेव्हा ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या तीस लाखांच्या वर होती, खाण कामगारांचा संप मोडून वर्ष उलटले होते, आणि आइसलँडशी झालेल्या मासेमारीच्या तंट्यात १९७६ साली ब्रिटनला माघार घ्यावी लागल्यापासून हलच्या दूरच्या समुद्रातील बोटींचा धंदा बसला होता. अशा गावातील चौघांच्या बँडने फुटबॉलच्या निकालासारखे नाव देऊन राजधानीला शून्यावर हरवावे, आणि वेष्टनावर येशू घ्या, मार्क्स घ्या, आशा घ्या असे छापावे, यात केवळ चाल ऐकण्यासारखे काय आहे? काही श्रोते म्हणतात की गोड चालीमुळे संताप पातळ होतो. मला हे साफ चुकीचे वाटते. चाल रडकी असती तर आमचे साहेब नाचले नसते, आणि ते नाचले म्हणूनच त्यांनी स्वतःविरुद्ध साक्ष दिली.

शिवाय हे दादा दर गणेशोत्सवात नाथांचे ‘विंचू चावला’ हे भारूड सादर करतात, हसून लोटपोट झालेल्या पाहुण्यांना थांबवतात आणि विंचू म्हणजे काम-क्रोध असा अर्थ इंग्रजीतून दहा मिनिटे समजावतात. तेव्हा गाणे वाचायचे नसते हा नियम कुठे जातो, ते त्यांनीच सांगावे.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सगळा अल्बम उड्या मारणारा नाही. ‘फ्लॅग डे’ संथ आहे, आणि ‘लीन ऑन मी’ तर चर्चमधील प्रार्थनेच्या वळणाचे आहे. ‘शीप’ मला चालीसाठी आवडते, पण सामान्य माणसांना मेंढरे म्हणण्यात जी तुच्छता आहे ती बँडचा गायक पॉल हीटन याच्यासारख्याला शोभत नाही. आणि ‘हॅपी अवर’ ब्रिटनमधील लोकप्रिय गाण्यांच्या विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेले, ते सगळ्यांनी शब्द वाचून विकत घेतले असेल असे मीही मानत नाही.

आपण आधी दोनदा नुसते ऐका, मग शब्द समोर ठेवून ऐका, आणि ‘फ्लॅग डे’पासून सुरुवात करू नका. माझी कॅसेट आता माझ्याकडे नाही. दादांनी ती २००३ साली गाडीत ऐकायला म्हणून नेली आणि अजून परत केलेली नाही. वही मात्र त्यांनी मागितली नाही.