17 गुण आले म्हणजे डिप्रेशन आहेच का?

देवगडच्या तुमच्या धाकट्या भावाने मोबाईलवर नैराश्याची चाचणी सोडवली, 27 पैकी 17 गुण आले, आणि तेव्हापासून तो खोलीतून बाहेर पडत नाही. वडील म्हणतात, मोबाईलचं खूळ आहे. खरं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी गुण बाजूला ठेवा. 27 पैकी गुण म्हणजे ती बहुधा पीएचक्यू-9 ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली असणार. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याने तिथे ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं काही निवडलं असेल, तर बेरीज 17 असो की 5, त्याला एकटं सोडू नका. बागेची फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. 14416 ही मानसिक त्रासासाठीची टेलिमानसची सरकारी लाईन चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येतात का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला मोकळं वाटतं.

आता चाचणीबद्दल. ही काही कोणी गंमत म्हणून बनवलेली नाही, जगभर डॉक्टर वापरतात. पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. 10 किंवा जास्त गुण आले की पुढे तपासायचं, एवढंच तिचं काम. 2001 च्या मूळ अभ्यासात 10 च्या रेषेवर आजारी माणसांपैकी 88 टक्के सापडले आणि निरोगींपैकी 88 टक्के बरोबर वगळले गेले. ऐकायला छान वाटतं. पण गावातल्या 100 जणांत 10 जण खरोखर आजारी आहेत असं धरा. चाचणी त्यांतले 9 पकडेल आणि उरलेल्या 90 निरोगींपैकी 11 जणांनाही रेषेच्या वर ढकलेल. म्हणजे वर आलेल्या विसांत निम्म्याहून जास्त निरोगी. 17 गुण रेषेच्या बरेच वर आहेत, तेव्हा शंका जास्त धरायची, पण शिक्का नाही मारायचा.

शिवाय ती फक्त गेल्या दोन आठवड्यांचं विचारते, का ते विचारत नाही. हापूसच्या सिझनमध्ये पेट्या भरत जागलेल्या माणसाला झोप, थकवा, भूक या तीन प्रश्नांवरच किती गुण पडतील बघा. थायरॉईड, रक्त कमी असणं, बी-12 ची कमतरता यांनीही असंच होतं. आणि आधी कधी त्याला झोपेची गरजच वाटली नाही, भरमसाट खर्च केला, असे दिवस येऊन गेलेत का, हे ती विचारत नाही. ते डॉक्टरांना जरूर सांगा, कारण त्यावर औषध बदलतं.

उलटंही होतं, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. मी राजापूरकडे 22 वर्षं परिचारिका होते. एक बाई यायच्या, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, जेवण जात नाही. ईसीजी ठीक. ‘उदास वाटतं का?’ विचारलं तर म्हणायच्या, छे, मुलं आहेत, घर आहे, उदास कशाला? प्रश्नावलीत त्या कधीच सापडल्या नसत्या. बोलता बोलता कळलं की शिमग्याला पालखी दारात आली तरी दोन वर्षं त्या ओटी भरायला बाहेर आल्या नव्हत्या. आपल्याकडचं दुःख असं अंगातून बोलतं.

म्हणून वडिलांना सांगा, हे खूळ नाही. भावाला सांगा, 17 हे त्याचं नाव नाही. त्याला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांकडे घेऊन जा. ‘रत्नागिरीला न्यायला हवं’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, हा टोमणा कोणी मारेलच, लक्ष देऊ नका. जाताना चाचणीच्या उत्तरांचा स्क्रीनशॉट घ्या, त्याने काय काय सोसलंय ते सांगायला त्याला सोपं जाईल. आणि चाचणी रोज सोडवायला लागला असेल तर ती आता बंद करायला सांगा.

नवव्या प्रश्नाचं उत्तर काय आलं, तेवढं आज रात्री कळवा. मी जागी आहे.