फाइल आधी नको, मुलाशी बोल

ठाणे शहरात मुलांसाठीची सामाजिक कार्यकर्ती म्हणून नवीन रुजू झालीस, म्हणून सांगते. एकट्या सापडलेल्या मुलाला 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांनी कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे न्यायचं, हे तुला ठाऊक आहेच. खरी दमछाक त्यानंतर होते, कारण शाळा, दवाखाना, बालगृह, समिती सगळे वेगवेगळ्या दिशेला. यांना एकत्र बांधणारी तूच.

माझ्याकडचा एक मुलगा एका संस्थेतून दुसरीकडे हलवला. कागद सगळे गेले, फिटच्या गोळ्या मात्र जुन्या कपाटातच राहिल्या. तिसऱ्या रात्री त्याला झटका आला. तेव्हापासून मूल हलताना औषधांची पिशवी, चिठ्ठी आणि पुढच्या तपासणीची तारीख मी स्वतः हातात देते, समोरच्याची सही घेते. तूही घे.

दाखला नाही म्हणून शाळा अडवेल. आठवीपर्यंत तेवढ्यासाठी प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याची प्रत पर्समध्येच ठेव.

आई किंवा मावशी सांभाळायला तयार असेल, तर मूल घरीच वाढावं म्हणून पैशांची मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेचा अर्ज लगेच भर. केवळ गरिबीपायी मूल संस्थेत राहणं मला आजही सहन होत नाही.

आणि सतरावं लागलं की आधार, बँक खातं, राहण्याची सोय बघायला लाग. अनुरक्षण, म्हणजे अठरानंतर संस्था सोडल्यावरचा आधार, वयाच्या 21 पर्यंत मिळू शकतं, पण अठराव्या वाढदिवशी धावपळ करून काही हाती लागत नाही.