बँकेतले एक वर्ष आणि हातात नुसते प्रमाणपत्र

‘पदवीनंतर मुलीने वर्षभर बँकेत अप्रेंटिसशिप केली, पण नोकरी काही लागली नाही. मग ते वर्ष वाया गेले म्हणायचे का?’ हा प्रश्न अलीकडे मुलांच्या पुढच्या वाटेचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येणारे पालक वारंवार विचारतात. त्याला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देण्याचे मी टाळते. त्याऐवजी एका विद्यार्थिनीची हकीकत तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील गाळून इथे सांगते.

ती बी.कॉम. झालेली, तालुक्याच्या गावात राहणारी मुलगी. जून २०२४ मध्ये एका सरकारी बँकेच्या शाखेत ती शिकाऊ उमेदवार म्हणून लागली. विद्यावेतन महिना १५,००० रुपये आणि मुदत एक वर्षाची. मुदत संपल्यावर जुलै २०२५ मध्ये ती वडिलांबरोबर माझ्याकडे आली. वडील एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक आहेत. बोलत होते तेच. ती प्लॅस्टिकच्या फोल्डरमधले प्रमाणपत्र आत-बाहेर सरकवत बसली होती. बरोबरची एक मैत्रीण पुण्यात क्लास लावून बँक क्लार्कची परीक्षा उत्तीर्ण झाली होती, दुसरी एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला पोहोचली होती. वडिलांचे बोलणे संपल्यावर ती एवढेच म्हणाली, “मॅडम, मी वर्षभर पासबुकं छापली.”

मी आधी तिचा करारनामा मागून घेतला. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ नुसार असा उमेदवार कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो, आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरीत घ्यायचे की नाही याचे धोरण आस्थापनेने ठरवायचे असते. नोकरीची हमी नाही, असे त्या करारातही स्पष्ट लिहिलेले होते. पण कोणा नातेवाइकाने वडिलांना सांगितले होते की एकदा आत शिरली की पुढेमागे कायम करतातच. त्यामुळे तो कागद घरात कोणी नीट वाचलाच नव्हता. सही करण्याआधी त्या एका परिच्छेदावर पंधरा मिनिटे घालवली असती, तर निम्मे दुःख टळले असते, हे मी वडिलांना स्पष्टच सांगितले.

मात्र तिची तक्रार सगळीच खोटी नव्हती. ठेवी, कर्ज, रोकड, डिजिटल सेवा अशा विभागांतून आळीपाळीने काम शिकवायचे, असे प्रशिक्षणाच्या आराखड्यात होते. प्रत्यक्षात ती जवळजवळ नऊ महिने चौकशीच्या टेबलावर होती, आणि कर्ज विभागात गेली ती झेरॉक्स काढायला व फायली लावायला. शाखेत माणसे कमी असतात, समोर रांग असते आणि चुणचुणीत मुलगी हाताशी असते, तेव्हा व्यवस्थापक तिला तिथून का हलवत नाही हे मी समजू शकते. पण त्याला प्रशिक्षण म्हणता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच तिने विभाग बदलून मागायला हवा होता, तोही लेखी. “साहेब रागावतील असं वाटलं,” ती म्हणाली. पहिल्यांदाच कार्यालयात पाऊल ठेवणाऱ्या बहुतेक मुलांना असे वाटते.

मग मी तिला म्हटले, “मला मत नको, एक दिवस सांग. ऑगस्टमधला सांग, सकाळी शाखा उघडल्यापासून.”

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते, म्हणजे ३,००० रुपये, खात्यांवर जमा होऊ लागले होते आणि महाराष्ट्रातल्या शाखांसमोर बायकांच्या रांगा लागल्या होत्या. तिने सांगितलेला प्रसंग असा. एक मावशी पासबुक घेऊन आल्या, छापून पाहिले तर पैसे नाहीत. अर्जावर खाते क्रमांक याच बँकेचा, खात्याला आधारही जोडलेले. तरी पैसे कुठे गेले? असे पैसे अर्जावरच्या खात्यात जातातच असे नाही. आधार क्रमांक सरकारी योजनांच्या थेट लाभासाठी शेवटी ज्या बँकेशी जोडलेला असेल, तिथे ते जातात, आणि खाते उघडताना आधारची प्रत देणे ही वेगळी गोष्ट आहे, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळले होते. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दिसते, पण त्यासाठी मोबाइलवर ओटीपी येतो, आणि मावशींच्या आधारला जोडलेला नंबर पुण्यात काम करणाऱ्या मुलाकडे. तिने मुलाला फोन लावला, ओटीपी विचारण्याआधी आपण कोण आणि तो कशासाठी हवा आहे हे सांगितले, मावशींना स्वतः बोलायला लावले, आणि मग शोध लागला की कधीतरी एका शिबिरात उघडलेल्या आणि विसरून गेलेल्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यात ते पैसे पडून आहेत. असे दिवसाला वीस-पंचवीस जण. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी येणारे पेन्शनर, त्यातल्या कित्येकांच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, तो निराळाच अध्याय.

ती हे सांगत असताना वडिलांनी मध्येच विचारले, “माझ्या खात्यातून दरवर्षी ४३६ रुपये कापतात, ते कशाचे?” तिने प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता, १ जून ते ३१ मे ही मुदत, दोन लाखांचे संरक्षण आणि वारस म्हणून कोणाचे नाव लागले आहे ते तपासायला हवे, हे सगळे न अडखळता सांगितले. वडिलांनी फॉर्मवर सही केली होती, पण कशावर ते त्यांना आठवत नव्हते. “बँकेने तेव्हाच सांगायला हवं होतं,” ते पुटपुटले. लेकीचे कौतुक वगैरे त्यांनी केले नाही, आणि माझीही तशी अपेक्षा नव्हती.

हे ऐकून मुलीला ‘बघ, तू किती शिकलीस’ असे म्हणून घरी पाठवणे सोपे होते. पण तिचा खरा प्रश्न पुढच्या वर्षाचा होता, आणि तिथे या अनुभवाची किंमत सगळीकडे सारखी नाही. क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत ६० मिनिटांत १०० प्रश्न सोडवायचे असतात: इंग्रजी, अंकगणित आणि बुद्धिमापन. तिथे शाखेतल्या वर्षाचा उपयोग जवळपास शून्य. उलट सकाळी एसटी पकडून संध्याकाळी सातला घरी येणाऱ्या या मुलीने त्या वर्षात एकही सराव चाचणी दिली नव्हती. मुख्य परीक्षेत बँकिंगविषयक प्रश्न असतात, तिथे थोडा हातभार लागतो. क्लार्कसाठी मुलाखत नसते, अधिकारीपदासाठी असते, आणि खरा उपयोग त्या मुलाखतीत. म्हणजे हा अनुभव फळतो तो उशिरा, आणि आधीचे दोन उंबरठे ओलांडले तरच. सहकारी बँका, पतसंस्था आणि लघुवित्त बँकांमध्ये मात्र त्याची दखल लगेच घेतली जाते, कारण त्यांना पहिल्या दिवसापासून ग्राहकासमोर बसू शकणारा माणूस हवा असतो.

तिच्या बायोडाटात या वर्षाला एक ओळ मिळाली होती, ‘बँकेत एक वर्ष प्रशिक्षण’. तिथे कोणती कामे केली, रोज साधारण किती ग्राहक हाताळले, कोणत्या अडचणी सोडवल्या, हे पाच-सहा वाक्यांत लिहून आणायला सांगितले. ग्राहकांची नावे किंवा शाखेची आकडेवारी त्यात येता कामा नये, हेही सांगितले. गोपनीयतेचे बंधन प्रशिक्षण संपल्यावर सुटत नाही. पहिल्या मसुद्यात तिने कर्ज विभागाचा अनुभव फुगवून लिहिला होता, तो मी खोडला. मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्यावर आला असता.

वडिलांना ती दुसऱ्या बँकेत आणखी एक वर्ष अप्रेंटिस व्हावी असे वाटत होते, निदान महिन्याला पैसे येतात म्हणून. मी त्याला स्पष्ट विरोध केला, कारण पहिल्या वर्षाने जे दिले त्यात दुसरे फारशी भर घालणार नव्हते आणि अभ्यासाचे तास पुन्हा जाणार होते. आम्ही तिघांनी मिळून मधला मार्ग काढला: गावातल्या पतसंस्थेत अर्धवेळ काम, पहाटे दोन तास अंकगणित, आणि दर रविवारी एक सराव चाचणी.

पहिल्या चाचणीत तिला शंभरपैकी एकतीस गुण पडले. तो कागद घेऊन ती एकटीच आली, वडील नव्हते. गुण पाहून झाल्यावर तिने सांगितले की पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी तिला चौकशीच्या टेबलावर बसवले होते आणि महिनाभरातच तिने कर्ज विभागात बदली मागितली. अर्ज लिहून दिला होता; त्याची पोच तिच्या फोल्डरमध्ये प्रमाणपत्राच्या मागे लावलेली होती.