तीस दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे?

पुण्यातील एका खासगी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे 25 सप्टेंबरचे पत्र माझ्यासमोर आहे. एका प्राध्यापिकेवर इन्स्टाग्रामवर टीका केल्याबद्दल त्याच्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार झाली. अंतर्गत तक्रार समितीने 3 सप्टेंबरच्या अहवालात एका सत्राच्या निलंबनाची शिफारस केली, तो अहवाल 14 तारखेला त्याच्या हाती पडला आणि 24 तारखेला थेट निलंबनाचे पत्र आले. खासगी विद्यापीठाला भाषणस्वातंत्र्य हिरावून घेता येते का, असे तो विचारतो. या आशयाची पत्रे माझ्याकडे वरचेवर येतात.

तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, परंतु तुमचे प्रकरण आज त्यावर अडलेले नाही. उच्च शिक्षण संस्थांतील लैंगिक छळ रोखण्यासाठीचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे विनियम खासगी विद्यापीठांनाही लागू आहेत आणि त्यांतील विनियम 8 नुसार समितीच्या निष्कर्षांविरुद्ध संस्थेच्या कार्यकारी प्राधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येते. हे दिवस निलंबनाच्या पत्रापासून नव्हे, तर शिफारशींच्या तारखेपासून मोजायचे असतात. तुम्ही 24 ऑक्टोबरपर्यंत अवधी आहे असे धरून चालला आहात. प्रत्यक्षात मुदत 3 ऑक्टोबरला संपते, आणि 2 तारखेला गांधी जयंतीची सुट्टी असल्याने 1 ऑक्टोबर हाच अखेरचा दिवस समजा. अहवाल उशिरा मिळाल्याचे अपिलात जरूर लिहा, पण उशीर माफ होईल या भरवशावर एक दिवसही घालवू नका.

अपिलातील सर्वांत भक्कम मुद्दा तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेला आहे. शिफारशीनुसार कारवाई करायची ठरल्यास आधी कारणे दाखवा नोटीस देऊन उत्तरासाठी दहा दिवस द्यावेत आणि त्या उत्तराचा विचार करूनच पुढे जावे, असे हाच विनियम सांगतो. तुम्हाला अशी नोटीस मिळालीच नसेल, तर 24 तारखेचा आदेश टिकणे कठीण आहे.

आता पोस्टविषयी. शिकवण्यावरची टीका, ती कितीही कठोर असली तरी, कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातील लैंगिक छळाच्या व्याख्येत बसत नाही, असे मला वाटते. मात्र अखेरीस प्राध्यापिकेच्या शरीराविषयी लिहिलेले वाक्य टीका नव्हे. त्याचा बचाव मी करणार नाही आणि तुम्हीही करू नये.

उच्च न्यायालयाचा मार्ग बंद नाही. एसआरएम विद्यापीठाच्या 2015 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अभिमत (विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या) विद्यापीठाविरुद्ध रिट याचिका, म्हणजे हक्कांसाठी थेट उच्च न्यायालयात केलेला अर्ज, चालते असे म्हटले, आणि कौशल किशोर प्रकरणात 2023 मध्ये घटनापीठाच्या बहुमताने राज्यघटनेच्या अनुच्छेद 19 (भाषणस्वातंत्र्यासह) व 21 (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) मधील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात असे ठरवले. तुमच्या विद्यापीठाला हे कितपत लागू होईल, हे आज ठामपणे सांगता येणार नाही. मात्र उपलब्ध अपील का केले नाही, असे न्यायालय सर्वांत आधी विचारील, आणि स्थगितीचा अर्ज सुनावणीस येईपर्यंत तुमची परीक्षा होऊन गेलेली असेल. तारखांवर तारखा पडत विद्यार्थ्यांचे वर्ष वाया गेलेले मी पाहिले आहे आणि त्याचा मला अजूनही संताप येतो.

तुमच्या हयगयीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. तक्रारीला दहा दिवसांत लेखी उत्तर आणि साक्षीदारांची नावे द्यायची होती. ते न करता तुम्ही समितीच्या नोटिशीचा फोटो समाजमाध्यमांवर टाकलात. तक्रारीचा मजकूर आणि संबंधितांची ओळख प्रसिद्ध करण्यास 2013 च्या कायद्याचे कलम 16 मनाई करते. तारखेसह स्क्रीनशॉट स्वतःपाशी ठेवून तो फोटो आजच काढा.

अपिलाच्या दोन प्रती घेऊन स्वतः आवक विभागात जा, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का व सही घ्या, आणि तोच मजकूर त्याच दिवशी कुलसचिवांना ई-मेलने व स्पीड पोस्टने पाठवा. कुलगुरूंना भेटून समजावून सांगण्याचा तुमचा विचार अपील दाखल झाल्यानंतरच अमलात आणा.