त्या तबकडीतली बाई कोण?

प्रश्न : माझे वडील मुंबईत गोदीत नोकरीला होते. त्यांच्यामागे राहिलेल्या ७८ च्या तबकड्यांत टॉमी डॉर्सीच्या बँडचं ‘आय्ल नेव्हर स्माइल अगेन’ आहे. लेबलवर गाणाऱ्यांची नावं फ्रँक सिनात्रा आणि ‘द पाइड पायपर्स’ एवढीच. पण सुरुवातीला जे चार-पाच आवाज एकदम येतात, त्यांत एक बाई आहे. बाबा तेवढ्यासाठी सुई उचलून पुन्हा मागे ठेवायचे. ती बाई कोण?
— एक वाचक, वसई

उत्तर : ती जो स्टॅफर्ड. तुमच्या बाबांनी सुई मागे ठेवायची ती अगदी योग्य जागा निवडली होती, हे आधी सांगते.

मी स्वतः बावीस वर्षं एका कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या गटात, ऑल्टो (बायकांचा खालचा आवाज) गायले. हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते सिनात्रासाठी. पण तो एकटा गायला लागला आणि माझ्या मनात आलं, अगं, ती बाकीची मंडळी कुठे गेली? तेव्हापासून मी ही तबकडी त्या मंडळींसाठी लावते.

आपल्याकडे चौघांनी मिळून गायचं म्हणजे चौघांनी एकाच सुरात गायचं. आरती घ्या, शाळेची प्रार्थना घ्या. इथे चौघं एकाच क्षणी चार वेगळे स्वर लावतात. एकाचा षड्ज, दुसऱ्याचा गंधार, तिसऱ्याचा पंचम, चौथ्याचा कधी धैवत तर कधी कोमल निषाद. शब्द मात्र तोच, श्वासही एकाच जागी. कुणाचा आवाज जरा थरथरला किंवा केसभर वर गेला तरी सगळं गढूळ होतं. जोच्या आवाजात कंप जवळजवळ नव्हताच. सरळ, थंड पाण्यासारखा स्वर, आणि दम इतका लांब की ओळ कुठे तुटतेय असं वाटतच नाही. लहानपणी तिने काही वर्षं शास्त्रशुद्ध पाश्चात्त्य गायकीचं शिक्षण घेतलं होतं, त्याचा तो परिणाम. आमच्या कॉयरच्या बाई म्हणायच्या, “स्वतःचा आवाज ऐकू आला की समज, तू जास्त लावलास.” जोला ऐकताना मला त्या बाई हटकून आठवतात.

तिचा जन्म १९१७ चा, कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा या तेलविहिरींच्या गावातला. आई बँजो वाजवायची. क्रिस्टीन आणि पॉलिन या मोठ्या बहिणींबरोबर ती रेडिओवर गायला लागली. १९३८ मध्ये हॉलिवूडच्या एका चित्रपटाच्या कामात वेगवेगळ्या गटांतले गाणारे एकत्र आले आणि ‘पाइड पायपर्स’ जमले: सात पुरुष आणि एकटी जो. आठ जणांचा पगार कोणत्याही बँडला जड. शेवटी डॉर्सीने १९३९ मध्ये त्यांना बोलावलं ते चौघांपुरतं. तुमच्या तबकडीवरचे चौघं म्हणजे जो, जॉन हडलस्टन, चक लाउरी आणि क्लार्क योकम. सिनात्रा आला त्यानंतर, १९४० च्या सुरुवातीला.

तुमच्या तबकडीचं ध्वनिमुद्रण २३ मे १९४० चं. गाणं लिहिलं रूथ लो या टोरांटोच्या पियानोवादक तरुणीने, नवरा गेल्यानंतरच्या दुःखात. बिगबँडचं, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदाचं, गाणं म्हणजे ट्रॉम्बोन-ट्रम्पेटचा धडाका अशी आपली समजूत. इथे तो धडाका नाही. सेलेस्टा या पियानोसारख्या छोट्या वाद्याचे घंटांसारखे किणकिणते सूर आणि त्यावर कुजबुजल्यासारखे पाच आवाज. पाचवा सिनात्राचा, तोही त्या चौघांत मिसळलेला. जोने पुढे सांगितलं होतं की, एकट्याने गाणाऱ्यांना सहसा गटात मिसळता येत नाही, पण फ्रँकने त्यासाठी मेहनत घेतली. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन साप्ताहिकाने त्या जुलैत तबकड्यांच्या खपाची पहिली यादी छापली, तिच्यात हे गाणं पहिलं होतं आणि बारा आठवडे पहिलंच राहिलं. जोचं नाव लेबलवर नव्हतं, पण आवाज घराघरांत पोचला होता.

१९४२ च्या अखेरीस पोर्टलंड स्टेशनवर डॉर्सीने किरकोळ कारणावरून चौघांपैकी एकाला तिथल्या तिथे काढून टाकलं, आणि उरलेले तिघंही त्याच्याबरोबर निघाले. मला यात नवल वाटत नाही. चारांतला एक स्वर गेल्यावर बाकीच्या तिघांनी गायचं तरी काय?

१९४४ मध्ये ती गटातून बाहेर पडून एकटी गायला लागली. युद्धावर गेलेल्या सैनिकांनी तिला ‘जी. आय. जो’ म्हणायला सुरुवात केली. ‘जी. आय. जो’ म्हणजे साधा अमेरिकन शिपाई, आणि हिचंही नाव जोच. त्यांची पत्रं यायची, ती स्वतः उत्तरं लिहायची. पॅसिफिकच्या आघाडीवरून परतलेल्या एकाने तिला सांगितलं होतं की, अमेरिकन पोरांना घराची ओढ लागावी म्हणून जपानी सैन्य ध्वनिक्षेपकावर तिची गाणी लावायचं. १९५२ च्या ‘यू बिलाँग टू मी’ने ती ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेली पहिली स्त्री ठरली.

बाबांच्या तरुणपणी मुंबईतही हे संगीत रुजलं होतं. ताजमध्ये गोव्याच्या चिक चॉकलेटचा बँड वाजायचा. हाच चिक पुढे आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करायला लागला. म्हणजे ती तबकडी आणि सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ चित्रपटातली गाणी यांचं नातं फार दूरचं नाही.

तबकडी जपा. उभी ठेवा, एकावर एक रचू नका. आणि पुढच्या वेळी सिनात्रा एकटा सुरू झाला की त्याच्या मागे कान लावा. चौघं परत येतात, ती जागा तुम्हाला सापडेल.

प्रश्न : मी गाण्याच्या शिकवण्या घेते. जो स्टॅफर्डला बेसूर गाण्यासाठी ग्रॅमी मिळालं असं मी वाचलं. हे खरं आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : खरं आहे, आणि ग्रॅमी हा अमेरिकेतला संगीताचा मोठा पुरस्कार तिला आयुष्यात तेवढा एकदाच मिळाला. तिचा नवरा पॉल वेस्टन उत्तम संगीत-संयोजक होता. घरगुती मेजवान्यांत तो हॉटेलातल्या वाईट पियानोवादकाची नक्कल करायचा. त्यातून दोघांनी ‘जोनाथन आणि डार्लिन एडवर्ड्‌स’ हे नवरा-बायकोचं जोडपं उभं केलं. जोनाथन मध्येच एखादी मात्रा जास्त वाजवतो, आणि डार्लिन स्वराच्या अगदी शेजारी जाऊन थांबते. त्यांच्या पॅरिसवरच्या अल्बमला १९६१ मध्ये विनोदी अल्बमचं पारितोषिक मिळालं.

पण ताई, ते ऐकताना नुसतं हसू नका. कच्चा गळा कुठेही भरकटतो. डार्लिन भरकटत नाही. ती दर वेळी ठरवून, मोजून, स्वरापासून एवढंस्सं अंतर राखते. आणि ते अंतर मोजायला मूळ स्वर आत पक्का बसलेला लागतो. ज्या कानाने डॉर्सीच्या बँडमध्ये तीन पुरुषांच्या आवाजांत आपला स्वर अचूक ठेवला, तोच कान इथे हुकवतो आहे.

तुमच्या मुलींना त्या अल्बममधलं ‘एप्रिल इन पॅरिस’ ऐकवा. पेटीवर मूळ स्वर धरून ठेवा आणि डार्लिन नेमकी कुठे सुटते, वर जाते की खाली, ते त्यांना हात वर करून दाखवायला सांगा. माझ्या भाचीला तिसऱ्या दिवशी जमलं.