भावाला स्किझोफ्रेनिया आहे, ओलान्झापिनने वजन वाढतंय. त्याने स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष द्यावं म्हणून काय करू?

भाऊ आळशी झालेला नाही, हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. ओलान्झापिन, क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या गोळ्यांनी भूक खरंच वाढते, शिवाय साखर आणि कोलेस्टेरॉलही चढू शकतं. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं सरासरी १० ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यामागे बऱ्याचदा हृदयविकार, मधुमेह असे आवरता येण्याजोगे आजार असतात. मला याचा फार त्रास होतो.

गोळ्या मनाने बंद करू नका. मात्र गोळी बदलता येईल का, मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी, वजन आवरायलाही देतात) चालेल का, हे मानसोपचारतज्ज्ञांना जरूर विचारा. वजन, कंबर, बीपी, साखर, लिपिड (रक्तातली चरबी) हे सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि पुढे निदान वर्षातून एकदा तपासायचं असतं.

माझ्या बहिणीच्या ताटावर आम्ही वर्षभर पहारा ठेवला. ती लपून फरसाण खायला लागली. मग एक वही तिच्याच हातात दिली. दर रविवारी अंघोळ झाली की ती काट्यावर उभी राहते, आकडा स्वतः लिहिते. डॉक्टरांपुढे वही तीच उघडते. आई शेजारी बसते, मध्ये बोलत नाही. चहातली साखर अर्धी करायचं तिनेच ठरवलं.

भाऊ सिगारेट ओढत असेल तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण सिगारेट सुटली की ओलान्झापिन, क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डोस कमी करावा लागू शकतो. आणि तो 'छातीत दुखतंय' म्हणाला तर आजारामुळे बोलतोय असं समजू नका, लगेच दाखवा.